कोणाला गाडी लागते?

मित्रांनो, मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे. पाय अधू असलेल्या माणसांसाठी असते ना, सीटवर बसून हातांनी पायडल फिरवायचं आणि पुढे जायचं, तीच मी. माझा रंग निळा आहे, म्हणजे होता. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नंतर तुम्ही म्हणायला नको. मी फार जळकी आहे. दुसऱ्याच्या चाकात कोणी हवा भरली तरी माझ्या पोटात दुखतं. तेव्हा ही गोष्ट ऐकताना माझं पारडं माझ्याच बाजूला थोडं झुकणार, हे धरून चाला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे पाइप कापले, वाकवले, जोडले, आणि रंगाच्या फवाऱ्याखालून आम्ही सगळ्या बहिणी एकसारख्या निळ्या होऊन बाहेर पडलो. मग ट्रकमध्ये आडव्यातिडव्या रचून आम्हाला नाशिकला आणलं. एका मैदानावर मांडव घातला होता. आम्हाला रांगेत उभं केलं, प्रत्येकीच्या हँडलला फुगा बांधला. समोरच्या टेबलावर झेंडूचे जाडजूड हार ठेवले होते. मला वाटलं, हे आपल्यासाठीच. ते सगळे पाहुण्यांच्या गळ्यात गेले. माझ्या जळण्याची सुरुवात त्या मांडवातच झाली असं समजा.

तिथेच मला वत्सलाबाई भेटली. तिचा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला होता. तोवर ती गुडघ्यावर हाताचा जोर देत, वाकून वाकून चालायची. घरातून विहिरीपर्यंत जायचं तरी मध्ये बसून दम घ्यायची. तिला माझ्यावर बसवलं, पायडल कसं फिरवायचं ते दाखवलं, आणि तिने मैदानाला जी फेरी मारली ती थांबेचना. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं तरी आमची फेरी चालूच. शेवटी कोणीतरी धावत येऊन माझं हँडल धरलं, तेव्हा कुठे ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर घाम होता आणि ती हसत होती. माझा जीव तिच्यावर जडला तो तेव्हाच.

आमचं गाव पिंपळदरा. घोटीहून आत वळलं की भाताची खाचरं लागतात, खाचरं संपली की आम्ही. गावात चौथीपर्यंतची शाळा. पाचवीपासून पुढे कुरणवाडीला जावं लागतं आणि मध्ये एक खिंड आहे. वत्सलाबाईला कुरणवाडीच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं ते माझ्या जिवावर. रोज सकाळी आम्ही निघायचो. सपाटीला मी सुसाट, चढाला मात्र तिच्या दंडांची परीक्षा. पोरं तिच्या खिचडीची तारीफ करायची. एका सव्वीस जानेवारीला मुख्याध्यापकांनी तिचा नारळ देऊन सत्कार केला. बाई पावसापाण्यातही कधी उशिरा आल्या नाहीत, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मी झेंड्याच्या खांबाजवळच उभी होते, पण माझ्याकडे एकानेही वळून पाहिलं नाही. बाई उशिरा आल्या नाहीत, पण बाईंना आणलं कोणी? तिचं कौतुक ते आपलंच कौतुक, अशी मी मनाची समजूत घातली. मन काही समजलं नाही.

मग आशा आली. आशा म्हणजे वत्सलाबाईच्या भावाची, बुधाची मुलगी. बुधा आणि त्याची बायको दरवर्षी भात कापून झालं की दिंडोरीकडे द्राक्षबागांत छाटणीच्या कामाला जातात आणि होळीला परततात. त्यांची मोठी दोन्ही मुलं त्यांच्याबरोबर गेली आणि त्यांच्या शाळेवर पाणी पडलं. आशा चौथी पास झाली तेव्हा वत्सलाबाईने भावाला सांगितलं, ही पोरगी माझ्याकडे राहील आणि कुरणवाडीच्या शाळेत जाईल. बुधा कबूल झाला, पण अर्ध्या मनाने. शाळा नीट होत असेल तर ठेवतो, नाहीतर घेऊन जातो, असं त्याने बजावलं.

तेव्हापासून आशा माझ्या मागच्या खोक्यावर बसून शाळेत जायला लागली. चढ आला की उडी मारून उतरायची आणि मला मागून ढकलायची. तिने माझ्या हँडलला लाल रिबीन बांधली. चिखल उडाला तर ती फ्रॉकच्या टोकाने माझा मडगार्ड पुसायची आणि वत्सलाबाईच्या शिव्या खायची. माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा काळ होता. आणि सगळ्यात सुख कशाचं होतं सांगू? या पोरीला दुसरी कोणतीही गाडी चालायची नाही. मंगळूच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसली की पहिल्या वळणालाच तिच्या पोटात ढवळायचं. फक्त माझ्यावर तिला काही होत नसे. याचा मला किती अभिमान होता, ते विचारू नका.

मंगळू जीप सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा. "कोणाला गाडी लागते? त्यांनी खिडकीशी बसा." ज्यांना प्रवासात उलटी होते ते खिडकीशी सरकायचे, मग जीप निघायची. मंगळूची जीप पुढे भंगारात गेली, पण त्याचा प्रश्न गावात राहिला. आमच्याकडे त्या शब्दांचा दुसरा काही अर्थ असेल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात खिंडीत बिबट्या दिसला. पायी जाणाऱ्या पोरांच्या आया घाबरल्या, अर्ध्या पोरांनी घरी बसायला सुरुवात केली. त्यातच वत्सलाबाईचा उजवा खांदा धरायला लागला. इतकी वर्षं पायडल फिरवून तो झिजला होता. घोटीच्या डॉक्टरांनी खांद्याला विश्रांती द्यायला सांगितलं. ती हसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायडल मारत निघाली. आशाचं ढकलणं तेवढं वाढलं.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत लताबाई सरपंचांनी एक ठराव मांडला. ग्रामपंचायतीने एक गाडी भाड्याने लावायची. सकाळी तिने पोरांना कुरणवाडीला सोडायचं. दुपारी गावातल्या म्हाताऱ्या, एकट्या, अधू माणसांना घोटीला दवाखान्यात आणि बँकेत न्यायचं. संध्याकाळी पोरांना परत आणायचं. महिनाभर चालवून बघू, गाडी भरून जात असली तर कायमची लावू, रिकामी जात असली तर बंद करू. मी पिंपळाच्या पाराला टेकून हे सगळं ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. पोरं ती नेणार, अधू माणसंही तीच नेणार. मग मी काय करायचं? कोंबड्या माझ्यावर झोपवायच्या?

गावात नवीन ग्रामसेविका आल्या होत्या, योगिनी मॅडम. नाशिक शहरात वाढलेल्या. काम मनापासून करायच्या, हे मला मान्य करायचं नसलं तरी करावं लागतं. त्यांनी माईक हातात घेतला आणि विचारलं, "आता मला सांगा, गाडी कोणाकोणाला लागते? हात वर करा."

लोकांना मॅडमचं फार कौतुक वाटलं. गाडी अजून यायची आहे आणि बाई खिडकीशी कोणाला बसवायचं याची सोय आत्ताच बघते आहे. ज्यांना ज्यांना गाडी लागायची त्यांनी इमानाने हात वर केले. काही आयांनी पोरांचे हात धरून वर केले. वत्सलाबाई माझ्या सीटवरूनच म्हणाली, "मॅडम, आमच्या आशाला लय गाडी लागते. तिचं नाव पयलं घ्या." मॅडमनी वही पुढे ओढली. पाहा, किती गरज आहे या मुलीला, असं त्या सभेला म्हणाल्या आणि त्यांनी नाव घेतलं.

धोंडाबाई म्हणजे गावातली सगळ्यात थकलेली म्हातारी. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, घरात दुसरं कोणी नाही. गाडी खरी हवी होती ती तिला. पण तिने हात वर केला नाही. "मला नाय लागत," ती ताठ मानेने म्हणाली. "ट्रकात बसून देवाला जाऊन आले, तरी नाय लागली कधी." या वयातही आजी कोणावर अवलंबून नाहीत म्हणून मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या कशाच्या ते धोंडाबाईला कळलं नाही, पण टाळ्या कोणाला नकोशा असतात?

शेवटी मॅडमचं लक्ष वत्सलाबाईकडे गेलं. त्या म्हणाल्या, ताईंना तर त्यांचं स्वतःचं वाहन आहेच. मित्रांनो, वाहन! आजवर मला कोणी सायकल म्हटलं, कोणी खटारा म्हटलं, पण वाहन पहिल्यांदाच. मी इतकी फुगले की काय चाललंय त्याचा विचारच केला नाही. विचार घरी गेल्यावर केला. मॅडम नाशिकच्या, लोक पिंपळदऱ्याचे, आणि लागते हा शब्द मध्ये दोन्हीकडे तोंड करून उभा. घोळ माझ्या ध्यानात आला. मला तोंड नाही, मी बोलू शकत नव्हते. पण तोंड असतं तरी मी बोलले नसते, हेही खरं.

गणपती विसर्जन झालं आणि ती आली. पांढरीशुभ्र व्हॅन. आत मऊ सीटा, दारावर ग्रामपंचायतीचं नाव रंगवलेलं. लताबाईंनी तिला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि झेंडूचा एक हार थेट तिच्या नाकावर बांधला. हार! मला एवढ्या वर्षांत एक पाकळी मिळाली नव्हती आणि ही महाराणी येऊन एक तास झाला नव्हता. पोरं तिच्या काचेत तोंडं वेडीवाकडी करून बघत होती. आशासुद्धा गेली. तिने व्हॅनच्या दारावरून हात फिरवला, आणि माझ्या चाकातली हवा तिथल्या तिथे कमी झाल्यासारखी मला वाटली. घरात सवत आणावी तसं मला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी घोटीचा ड्रायव्हर मनोज याने दारात उभं राहून मॅडमच्या यादीतलं एकेक नाव घेऊन लोकांना आत बसवलं. सगळे गाडी लागणारे! ज्यांना लागत नव्हती ते रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. त्यांनाही नवल वाटलं, पण सरकारी कामात काहीतरी कारण असेल, कदाचित सवय व्हावी म्हणून आधी यांनाच नेत असतील, असं एकाने सांगितलं आणि बाकीच्यांना ते पटलं. मॅडमला विचारायला कोणी गेलं नाही. शिकलेल्या माणसाला उलट कसं विचारायचं?

खिंडीतली वळणं तुम्ही पाहिली नाहीत. पहिल्या वळणाला एकाला झालं, त्याचं बघून दुसऱ्याला, आणि कुरणवाडी येईपर्यंत महाराणीचं सगळं रूप उतरलं होतं. मनोज दुपारी बादल्यांवर बादल्या ओतत होता. दुपारच्या फेरीतही तेच, फक्त वय मोठं. संध्याकाळी हे सगळं कानावर आलं आणि मी ओसरीत उभी राहून मनातल्या मनात घंटी वाजवली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, हिचा तर एकसुद्धा धड गेला नाही. इतका आनंद मला आजवर झाला नव्हता.

पण मित्रांनो, माझा आनंद त्याच आठवड्यात खिंडीत अडकला.

आशा व्हॅनमध्ये जायला लागली, म्हणजे मला ढकलणारं कोणी उरलं नाही. वत्सलाबाई आणि मी, दोघीच निघालो. सपाटी संपली, चढ लागला. तिने पायडल मारलं, पुन्हा मारलं, आणि खांद्यातून कळ आली तशी तिच्या तोंडून आवाज निघाला. मी मागे घसरायला लागले. तिने ब्रेक दाबून धरला. आम्ही चढाच्या मध्यावर, धड वर नाही, धड खाली नाही. बिबट्याची ती जागा. इतक्यात मागून हॉर्न आला. महाराणी आमच्या शेजारून वर चालली होती, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून आशा ओकत होती. तिने डोळे उघडले तर समोर आम्ही. ती ओरडली, मनोजने गाडी थांबवली. पांढरीफटक पडलेली ती पोरगी उतरली, तिने तोंड पुसलं आणि ती मला ढकलायला लागली.

तिचे हात माझ्या पाठीवर पुन्हा पडले तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं. हो, तेव्हासुद्धा. आता ती रोज चढाच्या पायथ्याशी व्हॅनमधून उतरायला लागली, आमच्यासाठी थांबायला लागली. तिचं बघून बाकीची पोरंही गाडीत बसेनाशी झाली. व्हॅन रिकामी जाऊ लागली. आणि वत्सलाबाईच्या खांद्यामुळे आमचा वेग इतका मंदावला होता की आम्ही तिघी शाळेत पोचायचो तेव्हा पहिला तास संपलेला असायचा. वर्गशिक्षकांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग बुधाला निरोप पाठवला.

यंदा मुकादम लवकर येऊन ठरवून गेला होता. भात कापलं की निघायचं. निरोप ऐकून बुधा बहिणीच्या ओसरीवर आला. तो रागावला नव्हता, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. पोरीचा निम्मा वेळ रस्त्यातच जातो आहे, इथे ठेवून काय उपयोग, असं तो शांतपणे म्हणाला. गांधी जयंतीच्या ग्रामसभेत गाडी बंद होणार असं सगळे बोलतच होते. गाडी बंद झाली की आशा आपल्याबरोबर येईल, हे त्याने सांगून टाकलं. वत्सलाबाई नुसती खांदा चोळत बसली. आशा माझ्या मागच्या खोक्यावर बसली होती. तिने माझ्या हँडलची रिबीन सोडली आणि पुन्हा बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली.

मला जे हवं होतं तेच होणार होतं. महाराणी परत जाणार होती. पण तिच्याबरोबर आशाही जाणार होती, हा हिशेब मी केलाच नव्हता.

ग्रामसभा भरली. योगिनी मॅडम नाराज होत्या. तुम्हीच हात वर केले आणि तुम्हीच बसत नाही, मग गाडी चालवायची कोणासाठी, असं त्यांनी विचारलं. धोंडाबाई उठून म्हणाली, मी रोज थांब्यावर येऊन उभी राहते, हा मनोज मला आत घेत नाही. मनोज म्हणाला, आजी, तुमचं नाव नाही. गलका झाला. लताबाईंनी सगळ्यांना गप्प केलं, तेव्हा वत्सलाबाई बोलली.

"मॅडम, एक विचारू? ज्यांना गाडी लागते त्यांनाच तुम्ही गाडीत का बसवता?"

मॅडम चकित झाल्या. "अहो ताई, ज्यांना लागते त्यांना नाही बसवायचं, तर काय ज्यांना लागत नाही त्यांना बसवायचं?"

"मग? तसंच तर आसतं."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सभेतही कोणाला काही उमजेना. तेव्हा आशा माझ्या मागून हळूच म्हणाली, "मॅडम, लागते म्हंजे उलटी व्हते."

सगळ्यांच्या माना आशाकडे वळल्या. मग पहिली हसली ती धोंडाबाई. आपल्याला टाळ्या कशाच्या मिळाल्या होत्या ते तिला आता कळलं होतं. तिच्या पाठोपाठ सगळी सभा हसायला लागली. योगिनी मॅडमनी कपाळावर हात मारला आणि खुर्चीत बसल्या. त्याही हसत होत्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी माईक बाजूला ठेवला, उठून लोकांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि साध्या आवाजात विचारलं, गाडी कोणाला पाहिजे आहे? इतके हात वर झाले की मला पिंपळ दिसेना.

एक हात मात्र खालीच होता, बुधाचा. तो उठून म्हणाला, "मंग आमच्या आशाचं नाव काढा, मॅडम. तिला गाडी सोसत नाय. ती माझ्यासंगं येईल."

वत्सलाबाई भावाला काहीतरी म्हणायला गेली, पण तिच्या आधी आशा बोलली.

"बाबा, उलटी झाली तरी गाडी शाळंत पोचते. तुमच्यासंगं आले तर उलटी नाय व्हनार. पन शाळा बी नाय व्हनार."

बुधा उभाच राहिला. त्याची मोठी दोन्ही मुलं सभेच्या कडेला बसली होती, त्यांच्याकडे त्याने एकदा पाहिलं. मग तो खाली बसला. बसता बसता त्याने हात थोडासा वर केला, कोणाला दिसला न दिसला असा. मॅडमना दिसला.

ठराव झाला. गाडी कायम राहिली. ज्यांना ती लागते त्यांनी पुढे, खिडकीशी बसायचं, हे मंगळूचं शहाणपणही त्यात आलं. लताबाई म्हणाल्या, वत्सलाबाईलाही घ्या. मॅडमनी बिचकत विचारलं, ताईंची सायकल आहे ना? वत्सलाबाई म्हणाली, "सायकल हाय, मॅडम. खांदा नाय ऱ्हायला."

इतकी वर्षं मी मिरवत होते की वत्सलाबाईला मी नेते. तो खांदा मला नेत होता.

तेव्हापासून माझं काम असं आहे. सकाळी आशा मला ढकलत घरापासून थांब्यापर्यंत आणते. मनोज आणि आशा वत्सलाबाईला उचलून व्हॅनमध्ये बसवतात. दोघी निघून जातात आणि मी पत्र्याच्या शेडखाली दिवसभर उभी राहते. खिंडीवरून माझी बदली गल्लीत झाली, असं म्हणा. शेळ्या माझ्या चाकाला अंग घासतात. लहान पोरं घंटी वाजवून पळतात. दुपारी धोंडाबाई राणीसारखी पुढच्या सीटवर बसून घोटीला जाते, आणि जाताना माझ्याकडे बघून हात हलवते.

माझं जळणं कमी झालं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही नाही. उलट नवीन कारण सापडलं. संध्याकाळी उतरल्यावर आशा व्हॅनकडे वळून हात हलवते आणि टाटा करते. रोज, न चुकता. मला तिने कधीच टाटा केलेला नाही. ज्या पोरीला मी एवढं वाहिलं, जिला माझ्यावर कधी मळमळलं नाही, तिचा टाटा त्या पांढरीला. हे माझ्या मनाला फार लागायचं.

परवा व्हॅन आली नाही. ऊन उतरलं, गुरं परतली, तरी नाही. खिंडीत पेंढ्याची ट्रॉली उलटली, असं कोणीतरी सांगत आलं. कोणी म्हणालं, नुसती ट्रॉलीच आहे, कोणी म्हणालं, मागे आणखी काहीतरी आहे. आया थांब्यावर जमल्या. बुधाही आला. तो माझ्या शेजारी उभा राहिला आणि त्याने माझं हँडल इतकं घट्ट धरलं की रिबीन चुरगळली. मित्रांनो, तेव्हा मी जे मागितलं ते आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. मी म्हटलं, त्या महाराणीच्या चारही चाकांना काही होऊ देऊ नको, देवा. तिचा रंग जाऊ नये, तिची काच फुटू नये, ती धडधाकट येऊ दे.

खिंडीच्या बाजूने हॉर्न वाजला. सगळ्यांच्या आधी तो मला ऐकू आला.

व्हॅन थांबली. मनोज आणि आशाने वत्सलाबाईला उतरवून माझ्यावर बसवलं. आशाचा चेहरा उतरलेला होता, केसांत पेंढा अडकला होता, पण ती ठीक होती. बुधाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. मग तिने नेहमीसारखं मागे वळून व्हॅनला टाटा केला. मला लागलंच, सवयीप्रमाणे. आणि लगेच तिचे दोन्ही हात माझ्या पाठीवर आले, आणि आम्ही घराकडे निघालो.

तेव्हा कुठे माझ्या जुन्या लोखंडात उजेड पडला. टाटा त्याला करतात, जो आपल्याबरोबर घरी येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही ओसरीत एखादी माझ्यासारखी जुनी वस्तू असेल, एखादं थकलेलं माणूस असेल. त्याला लांबून हात हलवू नका. संध्याकाळ झाली की आत घ्या. आणि कोणाला काय हवं आहे ते विचारताना त्याच्याजवळ जाऊन, त्याच्या शब्दांत विचारा. बाकी माझं म्हणाल तर मला आता काही नको. साखळीला थोडं तेल घातलं तर बरं होईल. तेवढं मात्र त्या व्हॅनच्या आधी माझ्यात घाला.